पुंगळी ओढणारी नखी

मित्रांनो, मी एक जुनी, मोडकी नखी आहे. नखी म्हटल्यावर तुम्हाला मांजर आठवेल, नाहीतर सतार. माझा त्या दोघांशीही संबंध नाही. मी पोलादाची आहे आणि शिकारीच्या एका रायफलीत सहा वर्षे कामाला होते. माझी लांबी सव्वाचार इंच. एका टोकाला आत वळलेला लहानसा दात होता. आता तो नाही. तो मोडला त्या सकाळी एका माणसाचा पाय कायमचा अधू झाला, आणि दुसऱ्या एका माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. दोष कशात होता ते मला ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. आज सांगते.

आधी माझे काम समजून घ्या. काडतूस म्हणजे पितळेची एक लांबट पुंगळी. तिच्यात दारू भरलेली असते आणि तोंडाशी गोळी बसवलेली असते. हे काडतूस रायफलीच्या नळीत मागच्या टोकाला जाऊन बसते. त्या जागेला मला घडवणारे कारागीर महमूदचाचा ‘घर’ म्हणत. चाप ओढला की दारू पेटते आणि गोळी निघून जाते, पण पुंगळी घरातच राहते. आतल्या दाबाने ती फुगते आणि घराच्या भिंतींना घट्ट धरून बसते. ती बाहेर आल्याशिवाय दुसरे काडतूस आत जाऊच शकत नाही. तिला बाहेर ओढायचे काम माझे.

घराच्या मागे एक पोलादी दांडा पुढेमागे सरकतो. त्याला बोल्ट म्हणतात. मी त्या बोल्टच्या अंगाला चिकटून पडलेली असते. पुंगळीच्या बुडाशी भोवताली खाच असते आणि खाचेच्या खाली बारीक काठ. माझा दात खाचेत शिरून तो काठ पकडतो. शिकारी बोल्ट मागे ओढतो, बोल्टबरोबर मी येते आणि माझ्याबरोबर पुंगळी येते. नेम धरणाऱ्याचे कौतुक होते, नळीचे होते, लाकडी दस्त्याचेही होते. माझे नाव कोणी घेत नाही. माझी आठवण होते ती मी चुकले तर.

माझी रायफल परदेशात बनलेली. मी मात्र पनवेलची. रायफलीची मूळ नखी जुनी आणि गंजलेली होती. रायफल बळीरामकडे आली आणि वर्षभरात ती नखी मोडली. बळीराम हा कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या एका गावातला शेतकरी. भात तयार होत आले की रानडुकरांचे कळप डोंगरातून उतरत आणि एका फेरीत अर्धे शेत लोळवून जात. म्हणून पिकाच्या राखणीसाठी त्याला परवाना मिळाला होता. साऱ्या गावात ती एकच रायफल. मोडकी नखी खिशात घालून तो मुंबईत दोन-तीन दुकाने फिरला. हा भाग आता येत नाही, असे सगळीकडे उत्तर मिळाले. तेव्हा तो पनवेलच्या बाजारात महमूदचाचांकडे आला. हे साल एकोणीसशे एक्कावन्न.

चाचा कुलपे, स्टोव्ह, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणि परवान्याच्या बंदुका दुरुस्त करत. बंदुकांच्या कामाचा सरकारी कागद त्यांनी काचेत घालून भिंतीवर लावला होता. रोज सकाळी दुकान उघडले की पहिल्यांदा ते त्या काचेवरची धूळ पुसत.

“चाचा, हिला नवी नखी बसवा,” बळीराम बोलला. “मुंबईवाले बोलतात, बंदूक आता भितीला टांगा.”

“ते दुकानदार. जे विकत मिळतं तेवढंच त्यांना येतं,” चाचा म्हणाले. “आठ दिवस दे.”

“आठ दिसांत डुकरं जेवून हात धुवून जातील.”

“मग त्यांना सांग, महमूदने थांबायला सांगितलंय.”

बळीराम हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी मोडकी नखी केव्हाच कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवायला घेतली होती.

त्यांनी लॉरीच्या कमानीचा एक तुटका पाटा घेतला. कापून, ठोकून, कानशीने घासून त्याच्या दोन नख्या केल्या, अगदी सारख्या. मग पोलादाला पाणी दिले. पाणी देणे म्हणजे काय, तेही सांगते. आम्हा दोघींना भट्टीत लाल होईपर्यंत तापवले आणि एकदम तेलात बुडवले. त्याने पोलाद काचेसारखे कडक होते, पण काचेसारखेच ठिसूळही होते. असे पोलाद वाकत नाही, फुटते. म्हणून आम्हाला घासून चकचकीत केले आणि पुन्हा हळूहळू तापवले. अंगावर रंग चढू लागले. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा दिसताच चाचांनी आम्हाला बाहेर काढले. थोडे अलीकडे थांबले असते तर मी ठिसूळ राहिले असते. पलीकडे गेले असते तर मऊ पडले असते. मोजायला यंत्र नव्हते. मोजमाप होते ते एका माणसाच्या डोळ्यांचे.

मग त्यांनी माझी बहीण शेगड्यात, म्हणजे बाकाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, धरून मुद्दाम मोडली. तुटलेल्या जागी पोलादाचा कण कसा आहे ते पाहिले. कण बारीक, करड्या रंगाचा, एकसारखा होता. त्यांनी मान हलवली. ती मोडली म्हणून मी चांगली ठरले. पण मित्रांनो, या परीक्षेत एक खोच आहे. जिची परीक्षा घेतली ती कामातून गेली, आणि जी कामाला लागली तिची तशी परीक्षा घेताच आली नाही. ही खोच चाचांना पुढे फार छळणार होती.

मला रायफलीत बसवल्यावर त्यांनी रिकाम्या पुंगळ्या घेतल्या. बोल्टच्या खाली पाच काडतुसांची पेटी असते. पेटीत पुंगळ्या भरायच्या, बोल्ट पुढे लोटायचा, मागे ओढायचा. एकेक करत त्यांनी हे दोनशे वेळा केले आणि दर वेळी खडूने भिंतीवर रेघ मारली. मी एकदाही चुकले नाही.

“दोनशेदा पाहिलं,” ते बळीरामला म्हणाले. “बेफिकीर राहा.”

बळीराम बेफिकीर राहिला. तू ही बंदूक कशी भरतोस, हे चाचांनी विचारले नाही. बंदूक पेटीतूनच भरायची असते. ज्याला ती माहीत आहे त्याला हेही माहीत असणार, असे ते धरून चालले. त्यात त्यांना विचारण्यासारखे काही वाटलेच नाही.

पहिल्याच हंगामात बळीरामने तीन डुकरे पाडली. गावाचे भात वाचले. लोक त्याच्या नेमाची तारीफ करत, आणि बळीराम प्रत्येकाला सांगे, “बंदुकीला नखी आपल्या पनवेलची हाय. महमूदचाचाची.” ते ऐकून मला फार बरे वाटे. तरी पहिल्या शिकारीपासूनच माझ्या मनात धास्ती बसली होती. तिचे कारण गावाच्या एका रिवाजात होते.

हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून डुकरांना जाळीतून बाहेर हाकायला, निघण्याआधी सारे जण वेशीवरच्या गावदेवापाशी थांबत. एक काडतूस देवापुढे ठेवत. तेलात कालवलेल्या शेंदराचे बोट त्या काडतुसाच्या बुडाला लावायचे आणि ते बंदुकीत भरायचे, हा मान बळीरामच्या मेहुण्याचा होता. मेहुण्याचे नाव शिवा. बळीरामची बायको हौसा हिचा तो धाकटा भाऊ. बहिणीच्या लग्नानंतर तो तिच्याच गावी येऊन राहिला होता. पंचवीस वर्षांचा, दणकट, हाक्यात सर्वांत पुढे धावणारा आणि तितकाच थट्टेखोर.

शिवा देवाचे काडतूस पेटीत घालत नसे. पेटीत ते बाकीच्या काडतुसांखाली दबेल, त्यांच्या अंगाला लागेल, हे त्याला पटत नव्हते. तो ते थेट घरात ठेवी, देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तसे, दोन बोटांनी. आणि मग म्हणे, “घ्या भाऊजी, देव आत बसला. आता दार लावा.”

बळीराम जोर लावून बोल्ट पुढे लोटी.

आता माझी अडचण लक्षात घ्या. काडतूस पेटीतून वर येते तेव्हा त्याचा काठ खालून अलगद सरकत माझ्या दाताखाली येतो. मला हलावेही लागत नाही. पण काडतूस आधीच घरात बसलेले असले तर मला समोरून त्याच्यावर आदळावे लागते. काठावरून दात उडी मारून पलीकडे जावा म्हणून मला बाहेरच्या बाजूला वाकावे लागते. मी कमानीच्या पोलादाची, म्हणून वाकत होते आणि परत जागेवर येत होते. पण मला त्यासाठी केले नव्हते. ‘खट्’ असा आवाज होई. तो आवाज म्हणजे देवाने दिलेला हुंकार, असे शिवा हसत हसत सांगे. तो हुंकार नव्हता. तो माझ्या दाताच्या मुळाशी बसणारा फटका होता.

एका फटक्याने काहीच झाले नाही. दहांनी झाले नाही. तिसऱ्या वर्षी दाताच्या मुळाशी, आतल्या कोपऱ्यात, केसाहून बारीक चीर पडली. पुढच्या प्रत्येक फटक्याबरोबर ती किंचित खोल गेली. काडतुसाच्या बुडाचे तेल त्या चिरेत झिरपले आणि तेलाबरोबर शेंदूरही गेला. खाडीकडून येणारी खारी हवा होतीच. हौसा दर आठवड्याला रायफलीचा दस्ता तेलाच्या फडक्याने पुसून आरशासारखा चमकवी. बोल्ट काढून माझ्याकडे मात्र कोणी पाहिले नाही. पाहायचे कशाला? पुंगळ्या बाहेर येत होत्या ना!

मी रोज मनात हिशेब करत असे. दाताचा किती भाग अजून शाबूत आहे? अर्धा? त्याहून कमी? आणि दर वेळी पुंगळी निघाली की बळीराम दस्त्यावर थाप मारून म्हणे, “वा!” ती शाबासकी मला बोचत असे.

एकोणीसशे सत्तावन्नच्या कार्तिकातली ती सकाळ. भात कापणीला आले होते. डोंगराच्या कडेला एक मोठा एकुलगा, कळप सोडून एकटाच हिंडणारा, डुक्कर येऊन गेल्याचा माग मिळाला होता. देवापुढे शेंदूर लागला, काडतूस घरात बसले, ‘खट्’ झाले. चीर आणखी उघडली. मला ते स्पष्ट जाणवले.

हाका उठला. डुक्कर करवंदीच्या जाळीतून सरळ बाहेर पडला. बळीरामची गोळी त्याच्या खांद्याला लागली, पण तो पडला नाही. जखमी डुक्कर वळला आणि बांधाकडे निघाला. बांधावर शिवा उभा होता.

“भाऊजी, मारा! मारा!” शिवा ओरडला.

बळीरामने बोल्ट झटक्याने मागे ओढला. मी सगळा जोर लावून पुंगळीचा काठ धरला. दाताचा जेवढा भाग उरला होता तेवढ्याने धरला. तो पुरला नाही. दात तुटून गवतात पडला, बोल्ट रिकामाच मागे आला आणि पुंगळी घरात अडकून राहिली. बळीरामने दुसरे काडतूस आत लोटले. ते पुढच्या पुंगळीला जाऊन अडले. त्याने पुन्हा ओढले, पुन्हा लोटले. तेवढ्या वेळात डुकराने शिवाला गाठले होते.

बळीराम दस्ता उगारून धावला. बाकीचे कोयते घेऊन धावले. डुक्कर मेला. शिवा जगला, पण त्याच्या मांडीचा स्नायू फाटला होता आणि गुडघ्याची शीर तुटली होती. दवाखान्यात पंधरा दिवस काढून तो घरी आला, तो एक पाय काठीसारखा ताठ घेऊन.

घटनेच्या दुसऱ्याच दिवशी बळीराम चाचांच्या दुकानात शिरला. त्याने मला बोल्टवरून उपसून आणले होते. त्याने मला चाचांच्या पुढ्यात फेकले.

“घ्या तुमची नखी! दोनशेदा पाह्यलं बोललावतात ना?”

चाचांनी मला उचलले. तुटलेल्या जागी अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला.

“शिवा कसा आहे?”

“पोराचं नाव घेऊ नका तुमी. हौसा कालपासनं जेवली नाय. कच्चं पोलाद दिलंत, चाचा. आमी तुमच्या भरवशावर व्हतो.”

बळीरामने मामलेदार कचेरीत तसा जबाब दिला. रायफल जप्त झाली. चाचांना निरोप आला: महिन्याने मोडकी नखी घेऊन कचेरीत हजर व्हा, तोपर्यंत बंदुकांच्या कामाला हात लावायचा नाही. शिपायाने भिंतीवरची काच उतरवून नेली. भिंतीवर पांढरट चौकोन राहिला. चाचा सकाळी दुकान उघडत आणि सवयीने फडके घेऊन त्या चौकोनापाशी जात.

मित्रांनो, तो परवाना गेला म्हणून ते झोपत नव्हते असे नाही. त्यांना खरे काय ते कळत नव्हते. त्या दिवशी आभाळ भरले होते का? अंधुक उजेडात आपल्याला जांभळा रंगच निळा दिसला का? बहिणीचा कण चांगला होता, पण हिचा होता का? सहा वर्षांपूर्वीच्या एका क्षणाकडे ते पुन्हा पुन्हा परत जात होते आणि तिथे त्यांना काहीच दिसत नव्हते. शेजारच्या दुकानदाराचे साधे कुलूप दुरुस्त केले तरी ते पुन्हा पुन्हा उघडून पाहत. मी त्यांच्या पुढ्यात पडून होते आणि आतून ओरडत होते, मला बघा, मोडलेल्या जागी बघा!

विसाव्या दिवशी त्यांनी घड्याळजीकडून डोळ्याला लावायचे भिंग आणले. मला उन्हात धरले आणि बराच वेळ पाहत राहिले. माझ्या तुटलेल्या जागेचे दोन भाग होते. काठाकडचा एक लहान भाग ताजा, करडा, बारीक कणाचा होता. अगदी बहिणीचा होता तसा. म्हणजे पाणी बरोबर बसले होते. पण बाकीचा, जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काळपट होता. तो भाग त्या सकाळी तुटलेला नव्हता. तो केव्हाच, थोडाथोडा करून तुटत आला होता. आणि त्या काळ्यात एक बारीक तांबूस रेघ होती.

चाचांनी सुईने ती खरवडली आणि बोटावर चोळली. गंज रवाळ लागतो. हे तेलकट होते, नारिंगी होते.

ते तसेच उठले आणि एसटीने बळीरामच्या गावी गेले. मी त्यांच्या खिशात होते. दारात हौसा सूप घेऊन बसली होती. तिने त्यांना पाहून तोंड फिरवले.

“आता काय बघायला आलाव? दुसरा पाय राह्यलाय त्याचा.”

“ताई, शिव्या दे, मी ऐकून घेतो. पण शिवाला एक विचारू दे.”

शिवा ओटीवर बाजेवर पडला होता. आतून तोच बोलला, “आगो बाय, येऊ दे त्यांना. माणूस आला तर तेवढाच वेळ जातो.”

चाचा त्याच्यापाशी बसले. ताठ पायाकडे त्यांनी पाहिले आणि नजर खाली घातली.

“शिवा, तुम्ही बंदूक भरायचात कशी? मला दाखव.”

शिवाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. “मीच भरायचो ना! तो मान माझा.” त्याने शेजारचा तांब्या रायफल म्हणून धरला आणि बोट काडतूस म्हणून. “हे देवाचं. याला असा शेंदूर लावायचा बुडाला. मंग असं घरात ठेवायचं, अलगद. मंग भाऊजी दार लावतात. खट्!”

“पेटीत नाही घालायचात?”

“पेटीत कसं घालू? देवाचं काडतूस खाली दबवायचं? भाऊजींना काय व्हायला नको म्हणून तर मी दर वेळी हातानं ठेवायचो.”

चाचांना सगळे समजले होते, आणि ते सांगायचे कोणाला, तर या पोराला? ज्याने बहिणीच्या कुंकवाची काळजी म्हणून ते काडतूस इतक्या जपून ठेवले होते, त्याला सांगायचे की तुझ्याच हाताने ही नखी मोडली? ते उठले, शिवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

महिना भरला तेव्हा कचेरीत सारे जमले. बळीराम आला. शिवाचा जबाब घ्यायचा होता म्हणून हौसा त्याला बैलगाडीतून घेऊन आली. चाचांनी मला टेबलावर ठेवले.

“नखी तुम्ही केलीत?” मामलेदार साहेबांनी विचारले.

“होय साहेब.”

“कच्ची होती?”

चाचांनी शिवाकडे पाहिले. “असू शकेल साहेब. पोलादाचं काम. पाणी कमीजास्त झालं असेल. माझीच नजर चुकली असेल.”

मला तेव्हा माझ्या मोडक्या अंगाची लाज वाटली. दयेने बोललेले खोटे होते, पण खोटेच होते. साहेब लिहायला लागले. बळीराम जरा नरम आवाजात म्हणाला, “साहेब, मला चाचांचं वाईट करायचं नाय. यवढंच की बंदूक परत द्या. मी एका माणसाकडून कारखान्याची नखी मागवलीय. पुढच्या हंगामाला गाव परत हाका घालंल. शिवाच्या जागी आमच्या गावच्या काशिरामचा पोरगा गणू बांधावर उभा राहील.”

चाचा एकदम ताठ झाले.

“नाही,” ते म्हणाले. “तीही मोडेल.”

“म्हंजे?”

“कारखान्याची आण, नाहीतर सोन्याची आण. मोडेल. वर्षाने, दोन वर्षांनी, पण मोडेल. आणि त्या दिवशी बांधावर कुणी ना कुणी असेल.” ते साहेबांकडे वळले. “साहेब, माझं मघाचं लिहू नका. मी खोटं बोललो.”

“मग खरं काय?”

चाचांनी खिशातून भिंग काढले. मला टेबलावरून उचलले आणि साहेबांना न देता दोन्ही शिवाकडे घेऊन गेले. “बेटा, मला सांगवत नाही. तूच बघ.”

शिवाने भिंग डोळ्याला लावले. मला हातात फिरवले.

“काळं हाय,” तो म्हणाला. “आनि मधी एक लाल... ” तो थांबला. त्याने आपल्या उजव्या हाताचे बोट पाहिले. पुन्हा भिंगातून पाहिले. “चाचा, हा शेंदूर आत कसा गेला? नखी मोडल्यावर तर मी शेंदूर लावलाच नाय.”

“म्हणजे चीर आधीची,” चाचा हळू म्हणाले. “काडतूस घरात ठेवून वरून बोल्ट लोटला की दातावर फटका बसतो. तो खट् आवाज. सहा वर्षं बसला. पेटीतून भरलं असतं तर बसला नसता.”

हौसाने पदर तोंडाशी नेला. शिवाने भिंग खाली ठेवले.

“त्या दिसी घरी आलाव तवाच कळलंवतं तुमाला?”

“हो.”

“मंग गप का बसलाव?”

“तुझ्या तोंडाकडे बघून.”

“आनि गणूच्या तोंडाकडं कोन बघणार व्हता?” शिवा म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, आणि डोळ्यांत पाणी. मग तो साहेबांकडे वळला. “साहेब, लिवा. बंदूक मी भरायचो. चाचांचं पोलाद पक्कं व्हतं.”

“माझंही लिहा,” चाचा म्हणाले. “बंदूक देताना मी विचारलं नाही, कशी भरता म्हणून. दोनशे वेळा तपासली ती माझ्या पद्धतीने. यांच्या पद्धतीने एकदाही नाही.”

साहेबांनी दोन्ही लिहिले. चाचांचा कागद परत मिळाला. बळीरामची रायफल एक हंगाम कचेरीतच राहिली, आणि त्या साली डुकरांनी गावाचे बरेच भात खाल्ले. त्याबद्दल शिवाला किंवा चाचांना कोणी बोलले नाही, असेही नाही. रायफल परत आली तेव्हा तिच्यात नवी नखी होती. गावदेवापुढे शेंदूर अजून लागतो, पण तो दस्त्याला. काडतुसे पाचही पेटीत जातात.

चिखलात उभे राहणे शिवाला आता जमत नाही. तो चाचांच्या दुकानात बसतो. भिंग त्याच्या गळ्यात दोरीने बांधलेले असते. कोणी बंदूक घेऊन आले की चाचा पहिल्यांदा म्हणतात, “भरून दाखवा.” लोकांना राग येतो. बंदूक दुरुस्त करायला आणली आहे, परीक्षा द्यायला नाही, असे ते म्हणतात. चाचा हात मागे बांधून उभे राहतात. भरून दाखवल्याशिवाय ते हत्याराला हात लावत नाहीत.

मागच्या महिन्यात उरणकडचे एक बागायतदार आले होते. शिवाने त्यांच्या रायफलीची नखी भिंगाखाली धरली आणि म्हणाला, “काका, चीर हाय. बदलायला लागंल.”

“अरे, अजून मस्त चालतेय. कालच वापरली.”

“आमचीबी त्या सकाळपर्यंत मस्त चालत व्हती.”

त्यांनी शिवाच्या पायाकडे पाहिले आणि गुपचूप रायफल ठेवून गेले.

मित्रांनो, माझ्यासारखे लहान, न दिसणारे भाग तुमच्या घरातही असतील. सायकलीच्या ब्रेकची तार असेल, रहाटाची खुंटी असेल, झोपाळ्याची कडी असेल. त्या रोज चालतात, म्हणून त्यांच्याकडे पाहायचे राहून जाते. शंभर वेळा चालले यावरून एकशे एकाव्या वेळी चालेल असे ठरत नाही. म्हणून चालते आहे तोवरच उघडून पाहा. आणि एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना त्याला एकदा विचारा, तू ही वापरतोस कशी, मला दाखव. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. हा एक प्रश्न सहा वर्षे आधी विचारला गेला असता, तर आज कापणीच्या दिवसांत शिवा दुकानाच्या फळीवर नसता. बांधावर असता, आणि सर्वांच्या पुढे धावत असता.